भीती एकाची, सुट्टी सगळ्यांची

आमचे हे मोटर रिवाइंडिंगचं काम करतात. सांगलीच्या आसपासच्या गावांतले पाण्याचे पंप जळाले की आमच्या दुकानात येतात. मार्च-एप्रिलमध्ये उसाला पाणी द्यायची घाई असते, तेव्हा रात्री दोनलाही दार वाजतं आणि हे बॅटरी घेऊन कुणाच्या तरी विहिरीवर जातात. पायाजवळून साप गेलेला आहे, स्टार्टरच्या पेटीत बसलेली इंगळी पकडीने उचलून बाहेर टाकलेली आहे, थ्री फेजच्या वायरी तर रोजच्याच. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "काळजी घ्यायची, भ्यायचं कशाला?" असा हा माणूस घरात गांधीलमाशी दिसली की बाहेर पळतो, आणि बाहेर दिसली की घरात.

पाहणाऱ्याला हसू येतं, हे खरं आहे. एवढा उंचापुरा माणूस आणि केवढीशी ती माशी! पण जवळून पाहिलं की हसू येत नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळतं, मान आखडते, तळहात ओले होतात आणि मारलेली हाकही कानापर्यंत पोचत नाही. पाच-दहा मिनिटांनी भानावर आले की आधी मुलांकडे बघतात. मुलांनी पाहिलं का, एवढाच प्रश्न त्या नजरेत असतो.

लग्नाला पंधरा वर्षं झाली. एवढ्या काळात घराने या भीतीभोवती आपल्या रीती बसवून घेतल्या. खिडक्यांना जाळ्या आल्या. गच्चीवर पापड वाळत घालायचे तर खाली आणायचं काम कुणा दुसऱ्याचं. आंब्याच्या साली लगेच पिशवीत बांधायच्या. शेतात हुरड्याला बोलावणं आलं तर "दुकानात काम आहे". घरी हे सगळं निभतं, कारण घर आपलं असतं आणि कोपरान् कोपरा माहीत असतो. सुट्टीत निभत नाही. सुट्टीत जागा परकी, छप्पर परकं, जेवण बाहेर अंगणात, हातात काहीतरी गोड आणि आजूबाजूला झाडं. जिथे बाकीच्यांचा जीव रमतो, नेमकी तिथेच गांधीलमाशीही रमते.

यंदा मे महिन्यात आम्ही माझ्या खालाकडे गेलो. खाला गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या खाडीकडच्या एका गावात राहते. कौलारू घर, पुढे पडवी, मागे नारळी-पोफळी आणि रायवळ आंब्याची तीन जुनी झाडं. मी लहानपणी तिथे महिना-महिना राहिलेली आहे. मुलांनी ते घर कधी पाहिलंच नव्हतं. दर वर्षी काही ना काही कारण निघायचं, आणि ते कारण मला माहीत असायचं.

कऱ्हाड, पाटण, कोयनानगर अशी गाडी छान चालली होती. कुंभार्ली घाट उतरताना धाकटीला उलटीसारखं झालं म्हणून तिच्या बाजूची काच खाली केली. तिथून एक आत आली. खरं तर ती गांधीलमाशीही नव्हती, मातीची घरटी बांधते ती कुंभारीण होती. (कुंभार्लीत कुंभारीण, असं थोरला नंतर म्हणाला. त्या वेळी कुणाला सुचणार!) ह्यांनी ब्रेक मारला, दार उघडलं आणि उतरून सरळ रस्त्याच्या मधोमध चालत गेले. गाडी वळणावर, इंजिन चालू, हँडब्रेक नाही, आत आम्ही तिघं. मागून एसटी येत होती. ड्रायव्हर सावध होता, त्याने वेळेवर थांबवली आणि हॉर्न वाजवत राहिला. मी हँडब्रेक ओढला. माशी मागच्या काचेवर दोनदा आपटून आली तशी निघून गेली.

हे परत येऊन बसले तेव्हा एसटीतले लोक खिडकीतून बघत होते. चिपळूण येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी टेबलावर बसलेल्या साध्या घरमाशीला पाहून किंचाळली आणि माझ्या ओढणीत शिरली. हे तिच्याकडे बघत राहिले. चहा तसाच राहिला.

मला तोवर वाटायचं की ही त्यांची एकट्याची गोष्ट आहे, त्यांची त्यांनी सांभाळावी. घाटानंतर तसं म्हणायची सोय उरली नाही. चार जिवांचा प्रश्न होता आणि पाचवी गोष्ट म्हणजे ती ओढणीत लपलेली मुलगी.

या भीतीचं मूळ मला ह्यांनी कधी सांगितलेलं नाही. सासूबाईंनी सांगितलं. हे दहा वर्षांचे असताना गावच्या विहिरीत पोहायला शिकत होते. विहीर जुनी, दगडी, आणि दगडांच्या फटीत गांधीलमाश्यांचं पोळं. वरच्या पोरांपैकी कुणीतरी दगड मारला. पोरं पळाली, हे पाण्यात. वर आले की माश्या, खाली गेले की श्वास नाही. सात ठिकाणी दंश झाले होते. सासूबाई म्हणतात, त्याचं काही वाटलं नाही, सूज दोन दिवसांत उतरली. पण त्याला पाण्यातून बाहेर काढलं तेव्हा तो रडतही नव्हता, तेच वाईट होतं. आता माझ्या लक्षात येतं की विहिरीवरची रात्रीची कामं हे का आनंदाने घेतात. रात्री गांधीलमाश्या पोळ्यावर बसून असतात. दिवसाचं बोलावणं आलं तर आधी हाताखालच्या पोराला खाली पाठवतात.

आता खालाच्या घराकडे वळते. पोचलो तेव्हा जावई पहिल्यांदा आला म्हणून घर सारवून-पुसून तयार होतं. तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, सोलकढी, आणि पडवीत ह्यांच्यासाठी आरामखुर्ची. खुर्चीच्या बरोब्बर वर, वाशाला लटकलेलं तळहाताएवढं करड्या रंगाचं पोळं.

ह्यांनी ते माझ्याआधी पाहिलं. अशा माणसाची नजर या बाबतीत घारीसारखी असते. "बाहेर गार वाटतंय, आत बसतो," असं म्हणून हे आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मे महिना, कोकण, आणि "गार वाटतंय"! खालाने माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्याकडे पाहिलं. तिला कळलं.

खालू म्हणाले, एवढंच ना, रात्री पलिता लावून जाळून टाकतो. कोकणात ही जुनी पद्धत आहे, बांबूला चिंधी बांधायची, रॉकेलमध्ये बुडवायची. खाला म्हणाली, जाळायचं नाही. मुंग्यांची वसाहत जाळलेली पाहून पैगंबर (स.) नाराज झाले होते, ती हदीस तिने सांगितली. खालूंचं म्हणणं, मधमाशीचं ठीक आहे, तिच्या नावाची तर कुरआनात सूरह आहे, मारायची मनाई आहे, गांधीलमाशीचं काय? खाला म्हणाली, त्रास देणाऱ्याला मारायला मनाई नाही, जाळायला आहे. आणि वर वासे सागवानी आहेत, तुमच्या अब्बांनी घातलेले, ते पण जळतील. या शेवटच्या मुद्द्यावर खालू गप्प झाले.

हे आतून ऐकत होते. दार किंचित उघडून म्हणाले, "माझ्यासाठी काही करू नका. राहू द्या." त्यांच्या मागे धाकटी उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा मावसभाऊ, वीस-बावीसचा थट्टेखोर मुलगा, ह्यांच्या मागून येऊन कानाशी ओठांनी घूंऽऽ असा आवाज करून गेला. हातातला चहा ह्यांच्या मनगटावर सांडला, थोडा धाकटीच्या पायावर. भाजलं फारसं नाही. खालाने त्याला सगळ्यांदेखत खडसावलं आणि मला ते बरं वाटलं. आपल्याकडे पुरुषाची भीती म्हणजे सगळ्यांसाठी तमाशा. बायको झुरळाला भ्यायली तर तिला पुरुषाने वाचवायचं असतं. नवरा गांधीलमाशीला भ्यायला तर त्याचं काय करायचं, याची आपल्या घरांत रीतच नाही. म्हणून तो "गार वाटतंय" म्हणतो.

त्या रात्री आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसलो. रात्र होती म्हणून ते बसले. मी म्हटलं, "अहो, परतताना तोच घाट आहे."

"ठाऊक आहे."

"मला गाडी येत नाही."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "तू उद्या आधी बाहेर जाऊन बघ, कुठे-कुठे आहेत ते. मग मी येतो." मी म्हटलं, "एकटी नाही बघणार. दोघं बघू. तुम्ही म्हणाल तेवढ्या लांबून."

मी हायस्कूलला विज्ञान शिकवते आणि बी.एड.ला मानसशास्त्र होतं, एवढीच माझी यातली पात्रता. पण मूळ गोष्ट साधी आहे. पळालं की सुटल्यासारखं वाटतं. ते सुटणं इतकं गोड असतं की पुढच्या वेळी शरीर आणखी लवकर पळतं. घरातली माणसं प्रेमाने पुढे जाऊन रस्ता साफ करत राहिली, तर त्या माणसाला कधीच कळत नाही की थांबलो असतो तरी काही झालं नसतं. जोसेफ वोल्पे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी 1958 च्या आपल्या ग्रंथात भीतीकडे पायरी-पायरीने जाण्याची पद्धत मांडली. पुढे 1989 मध्ये स्वीडनच्या लार्स-गोरान ऑस्ट यांनी एकाच बैठकीतली, जास्तीत जास्त तीन तासांची उपचारपद्धत लिहिली. ही तज्ज्ञांची कामं. आम्हाला तज्ज्ञ व्हायचं नव्हतं, आठ दिवस पडवी वापरता यायला हवी होती.

हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते आपल्या भाषेत करून घेतलं, आणि ते माझ्यापेक्षा सरस होतं. म्हणाले, "म्हणजे स्टार्टिंग करंट." मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. नवा माणूस टंग टेस्टरवर तो आकडा बघून घाबरतो आणि स्विच पाडतो. परत चालू केली की परत तोच आकडा. न घाबरता क्षणभर चालू दिली की मोटर वेग घेते आणि करंट आपोआप उतरतो. "मी दर वेळी स्विच पाडतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुरुवात मोबाइलने झाली. थोरल्याने झूम करून पोळ्याचा फोटो काढला आणि आतल्या खोलीत अब्बांना दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घ्यायला नकार दिला. टेबलावर ठेवायला सांगितला, उलटा. अर्ध्या तासाने स्वतःच सुलटा केला. मग बापलेकांनी माश्या मोजल्या: 23. मोजताना माणूस दुसरं काही करू शकत नाही, हे मला वर्गात पुष्कळदा दिसलेलं आहे.

फोटोतल्या माश्या बारीक, तांबूस तपकिरी, कमरेला दोरा बांधल्यासारख्या. पोळ्याला बाहेरून आवरण नाही, सगळी घरं उघडी, आणि पोळं एका देठावर टांगलेलं. रोपालिडिया नावाच्या वंशातल्या माश्या अशी पोळी करतात. त्यांतल्या रोपालिडिया मार्जिनाटा या जातीवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक दशकं काम केलं आणि 2001 मध्ये तिच्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला. ते एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन तिला ओळखतात. त्यांच्या अभ्यासातली एक गोष्ट मी मुलांना सांगितली. या जातीतली राणी अगदी गरीब स्वभावाची असते, कुणाशी भांडत नाही. तिला पोळ्यावरून उचलून बाजूला ठेवलं की काही मिनिटांतच कामकऱ्यांपैकी एक माशी अचानक दांडगाई करायला लागते, आणि तीच पुढची राणी होते. राणीपद पक्कं झालं की तीही गरीब होते. खालाने भाकरी थापता-थापता हे ऐकलं आणि म्हणाली, "सासू होईपर्यंतच जोर असतो." हे हसले. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

मुलांना या माश्यांचा संसार भलताच आवडला. पोळं कागदाचं असतं: लाकडाचे तंतू खरवडायचे, लाळेत मळायचे, पातळ लावत जायचं. डंख फक्त मादीला असतो, कारण अंडी घालण्याच्या अवयवाचाच तो बदललेला प्रकार आहे. मधमाशीचा डंख काटेरी, माणसाच्या कातडीत अडकून राहतो आणि ती मरते. गांधीलमाशीचा सरळ, म्हणून ती पुन्हा-पुन्हा डंख मारू शकते. (ही माहिती मी ह्यांच्यापासून लपवली नाही. खोटा धीर एकदाच चालतो.) त्या पिल्लांना अळ्या, किडे चावून भरवतात. म्हणजे खालाच्या वांग्यांवरच्या अळ्या कमी करणारं कुणी असेल तर ही मंडळी. मागच्या उंबराची पिकलेली फळं फोडून मी त्यांतल्या चिलटासारख्या बारीक माश्याही मुलांना दाखवल्या. त्याही याच मोठ्या कुळातल्या, आणि त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही.

ह्यांना मात्र या संसाराचं कौतुक नव्हतं. त्यांना अंतर हवं होतं. खुर्ची पहिल्या दिवशी फाटकापाशी मांडली, पोळ्यापासून 20 पावलांवर. अट एकच: खुर्ची पुढे न्यायची की मागे, हे तेच ठरवणार. कुणी ओढणार नाही, शाबासकीही देणार नाही. थोरला अधूनमधून विचारायचा, "अब्बा, किती अँपिअर?" हे शून्य ते दहामधला आकडा सांगायचे. बसल्याबरोबर आठ. नऊ. नऊ. आठ. मग बराच वेळ आठच. वीसएक मिनिटांनी पाच. पाचला आल्यावर उठायचं, आठला नाही, हे त्यांनी स्वतःचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी 15 पावलं. तिसऱ्या दिवशी 11. त्या दिवशी एक माशी पिकल्या आंब्याच्या कोयीवर येऊन बसली आणि हे पळाले. थेट मशिदीपर्यंत. संध्याकाळी आले तेव्हा चेहरा उतरला होता. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतं. चौथ्या दिवशी खुर्ची परत 20 वर गेली, पाचव्या दिवशी एकदम 8 वर. भीती काही जिना चढल्यासारखी एकेक पायरीने वागत नाही.

या दिवसांत बाकीची सुट्टी चाललेलीच होती, आणि ती चालायला हवी होती. धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळला गेलो, आदिलशाही काळातली जुनी मशीद पाहिली. हे घुमटाखाली जाताना वर बघत होते. मुलं कोरीवकाम बघत होती. गुहागरच्या समुद्रात सगळ्यात जास्त वेळ तेच होते. समुद्रावर गांधीलमाशी फारशी नसते. खुर्चीचे दिवसातून दोन तास, बाकी वेळ ज्याचा त्याचा. सगळ्या घराने दिवसभर त्यांच्या भीतीचीच चर्चा केली असती, तर तीही एक कैदच झाली असती. मी स्वतः दोन दुपारी त्यांना आतल्या खोलीत सोडून मैत्रिणीकडे गेले आणि मनसोक्त गरे खाल्ले.

साध्या काळज्याही घेतल्या. जेवणाआधी पडलेले आंबे वेचून लांब खड्ड्यात पुरले. पन्ह्याचे पेले झाकून ठेवले, पिण्याआधी आत बघायचं, कारण घशात दंश झाला तर तो खरोखरच धोक्याचा. जुमाला हे गुलाबाचं अत्तर भरपूर लावतात, ते त्या आठवड्यात बिनवासाच्या साबणावर आलं. माशी जवळ आली तर हात झाडायचे नाहीत, फुंकर मारायची नाही, सावकाश बाजूला व्हायचं. चिरडायची तर मुळीच नाही. अशा माश्यांच्या अनेक जातींत चिरडलेलीच्या विषाचा वास बाकीच्यांना चवताळवतो. आणि पोळ्याला काठी लावायची नाही, हे त्या थट्टेखोर मावसभावाला खास.

निघण्यापूर्वी सांगलीच्या आमच्या डॉक्टरांना फोन करून एक गोष्ट विचारून घेतली होती, ती सांगायला हवी. बहुतेकांना दंश दुखतो, सुजतो आणि उतरतो. जागा धुवायची, फडक्यात बर्फ गुंडाळून लावायचा. पण काही लोकांना ॲलर्जी असते. अंगभर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर चुना लावत बसायचं नाही, ताबडतोब दवाखाना. तिथे ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देतात. ज्यांना एकदा असं झालं आहे त्यांची भीती अवाजवी नाही, त्यांना कुणी खुर्चीवर बसवू नये. एकाच वेळी पुष्कळ दंश झाले तरी दवाखानाच. ह्यांना ॲलर्जीचं लक्षण कधी दिसलेलं नाही. डॉक्टरांनी हे सांगितल्यावर ते म्हणाले होते, "ते मला माहीतच आहे." माहीत असण्याचा आणि भीतीचा संबंध किती कमी असतो!

सहाव्या दिवशी एक गोष्ट घडली. ती मी पाहिली नाही, थोरल्याने सांगितली. बापलेक असरच्या नमाजला गेले होते. मशिदीच्या पडवीत, वजूच्या नळांच्या वर, छोटं पोळं होतं. अब्बांनी ते पाहिलं. वजू केली, पण सगळ्यात टोकाच्या नळावर. नमाजच्या वेळी एक माशी आत आली आणि पुढच्या रांगेवरून गेली. थोरला म्हणाला, "मला वाटलं अब्बा नियत तोडून पळणार. मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला होता, तो थरथरत होता. पण ते उभे होते." सलाम फेरल्यावर मुलाने विचारलं, किती अँपिअर? ते म्हणाले, दहा. बाहेर पडले दुसऱ्या दाराने.

हे मला सांगताना थोरल्याच्या आवाजात जे होतं, ते मी पूर्वी त्याच्या आवाजात ऐकलेलं नव्हतं. तो तेरा वर्षांचा आहे. या वयात मुलांना बापाची लाज वाटायला लागते.

शेवटच्या सकाळी खुर्ची पोळ्यापासून 5 पावलांवर होती. त्याहून पुढे गेली नाही. खाली बसून हे कालवण-भाकरी जेवले असं झालं नाही. ते आतच जेवले, दार मात्र उघडं ठेवून. धाकटी पडवीत बसून जेवली आणि बसल्या-बसल्या आत ओरडून सांगत होती, "अब्बा, एक उडाली! अब्बा, परत आली!" खालाने जाताना सांदणांचा डबा दिला.

परतीच्या प्रवासाचं आम्ही आधीच ठरवलं होतं. घाटात काचा बंद. कुणाला मळमळलं तर आधी गाडी थांबवायची, मग काच. तरी काही आत आलंच, तर हे तोंडाने मोठ्याने म्हणणार, "इंडिकेटर, डावीकडे, हँडब्रेक," आणि त्याच क्रमाने करणार. त्यानंतर उतरून हवं तिकडे पळावं, त्याला आमची हरकत नाही. हे तीन शब्द त्यांनी खालाच्या अंगणात बंद गाडीत बसून कितीतरी वेळा म्हटले. मुलं मागून माशी व्हायची. अल्लाहच्या मेहेरबानीने घाटात काही आलं नाही, त्यामुळे परीक्षा झालीच नाही. पण हेळवाकला थांबलो तेव्हा मागच्या सीटवरून थोरला आणि धाकटी एकदम ओरडले, "इंडिकेटर! डावीकडे! हँडब्रेक!"

सांगलीला आल्यावर मी त्यांना एक नंबर लिहून दिला, 14416, सरकारची टेलिमानस सेवा. 2022 पासून आहे, फोन फुकट आहे. त्यांनी तो दुकानातल्या भिंतीवर, वायरमनच्या नंबराखाली चिकटवला आहे. अजून लावलेला नाही. मी विचारत नाही. दिवसाच्या विहिरीवर अजूनही आधी पोरगंच उतरतं.

जुलैत खालाचा फोन आला. पाऊस धो-धो पडत होता, पलीकडून कौलांवरचा आवाज येत होता. बोलणं संपत आलं तेव्हा ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि विचारलं, "खाला, त्या पोळ्याचं काय झालं?" खाला म्हणाली, गेलं. मोठ्या जातीची काळी गांधील आली, कमरेला पिवळा पट्टा असलेली, आणि पिल्लं सगळी खाऊन गेली. आता नुसतं रिकामं टांगलंय.

फोन ठेवल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग मला म्हणाले, "आणि ज्या वाचल्या, त्या?"

मी म्हटलं, उडून जातात. दुसरीकडे नवं पोळं घालतात.

"दुसरीकडे कुठे?" त्यांनी विचारलं, आणि आमच्याच खिडकीवरच्या छज्जाकडे पाहिलं.